ओला दुष्काळ, झड आणि वाफसा

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हाहाकार माजविला. बीडसह मराठवाड्याच्या मोठ्या भागात उभी पिके पाण्याखाली गेली आणि राज्यभर एकच मागणी उठली : ओला दुष्काळ जाहीर करा. विरोधी पक्षांनी ती उचलून धरली, शेतकरी संघटनांनी मोर्चे काढले. त्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलेले उत्तर सरळ होते. दुष्काळासंबंधीच्या नियमपुस्तिकेत ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञाच नाही. मात्र दुष्काळात ज्या सवलती मिळतात त्या येथेही दिल्या जातील, असे त्यांनी सांगितले. पुढे ७ ऑक्टोबर रोजी सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. हा आकडा पुरेसा होता की नाही, यावर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. संज्ञेचा मुद्दा मात्र निकालात निघाला, असे सर्वांनीच गृहीत धरले.

वस्तुतः तोच मुद्दा अधिक खोल आहे. शेतकरी ज्या शब्दांनी आपल्यावरचे संकट सांगतो ते शब्द सरकारी पुस्तिकेत नसतात आणि पुस्तिकेत जे शब्द असतात ते त्याच्या तोंडी नसतात. हा केवळ भाषेचा रुसवा असता तर तो साहित्य संमेलनाच्या मांडवात मिटविता आला असता. परंतु आज महाराष्ट्रात पावसाच्या शब्दाला किंमत आहे, आणि ती हेक्टरी रुपयांत मोजली जाते. एखाद्या पावसाला ‘अतिवृष्टी’ म्हटले की मदत मिळते, तोच पाऊस ‘मुसळधार’ ठरला की मिळत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत दीर्घकाळ ज्या बारा आपत्ती गणल्या गेल्या त्यांत चक्रीवादळ, दुष्काळ, पूर, गारपीट, ढगफुटी, दरड कोसळणे, कीड, दहिवर आणि थंडीची लाट इत्यादींचा समावेश आहे. अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांची भर राज्य सरकारने स्वतःच्या अधिकारात घातली. जे या दोन याद्यांत बसत नाही ते सरकारदरबारी घडलेलेच नसते.

आता या याद्यांशेजारी मराठीच्या बोलींतील हवामानाचा शब्दसाठा ठेवून पाहावा. नुसत्या पावसाचेच घेतले तरी भुरभुर, झिमझिम, रिमझिम, रिपरिप, पिरपिर, सर, शिरवे, संततधार, मुसळधार ही प्रमाण भाषेतली नावे झाली. यांतील ‘रिमझिम’ आणि ‘पिरपिर’ यांत पाण्याचे माप कदाचित सारखेच असेल. फरक आहे तो ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीचा. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर ढग दाटून, वारा सुटून, विजांसह कोसळणारा आणि तासाभरात थांबणारा तो वळीव. दक्षिण कोकणात पावसाच्या आरंभाला ‘मिरग’ म्हणतात आणि त्या दिवशी घरोघर कोंबडीवडे होतात. त्याआधीची लाकूडफाटा, मीठमसाला, सुकी मासळी भरून ठेवण्याची जी धांदल, ती ‘आगोटीची’ बेगमी. देशावर जुनी माणसे पावसाळ्याला ‘पाणकळा’ म्हणत. पाऊस मध्ये थांबला की तो ‘उघडीप’ देतो. फार दिवस थांबला की ‘ओढ’ देतो. आणि अजिबात फिरकला नाही की ‘दडी’ मारतो. हे तीन शब्द म्हणजे चिंतेच्या तीन पायऱ्या आहेत. उघडीप हवीशी असते, ओढ बसली की डोळे आभाळाकडे लागतात, दडी मारली की सावकाराचे दार आठवते. सरकारी भाषेत तिन्हींना मिळून एकच शब्द आहे, ‘खंड’.

खानदेशात आणि वऱ्हाडात पावसाला पाऊस म्हणण्याऐवजी ‘पाणी’ म्हणण्याचा प्रघात आहे. वऱ्हाडी माणूस ‘पानी येऊन रायला’ म्हणतो, अहिराणी बोलणारा ‘पानी पडी ऱ्हायना’ म्हणतो. हेच वाक्य चिपळूण किंवा महाड येथे कोणी उच्चारले तर ऐकणारा आभाळाकडे न पाहता नदीकडे पाहील. तेथे पाणी येणे म्हणजे पूर येणे. एकच मराठी शब्द पाचशे किलोमीटरच्या अंतरात आनंदवार्तेचा धोक्याचा इशारा होतो, हे इशारे देणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बोलींचा हा संसार सर्वत्र एकसारखा नाही, हे मान्यच करावे लागते. ‘झड’ हा शब्द घ्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात वाऱ्याबरोबर तिरपा येऊन ओसरी भिजविणारा पाऊस म्हणजे झड. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत मात्र झड लागणे म्हणजे दिवसच्या दिवस, न थांबता आणि फारसा जोरही न धरता, पाऊस पडत राहणे. अशा झडीत गुरे गोठ्यात अडकतात, मातीच्या भिंती ओल धरतात, कामाला जाता येत नसल्याने मजुराची चूल थंडावते आणि शेतात उभे सोयाबीन किंवा कापूस मुळापासून पिवळा पडू लागतो. काळ्या जमिनीचा गुणच असा की ती पाणी पिऊन फुगते आणि सहज सोडत नाही. मुळांना हवा मिळत नाही. पाणी एका दिवसात किती पडले यापेक्षा मधल्या काळात जमीन किती वेळ उघडी राहिली, यावर पिकाचे मरण-जगणे ठरते.

नेमकी हीच गोष्ट सरकारी निकषाला बरीच वर्षे दिसत नव्हती. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा नियम. रोज २० किंवा २५ मिलिमीटर पाऊस आठवडाभर पडला आणि पीक सडले तरी अतिवृष्टी झाली नाही, म्हणून भरपाई नाही. २०२२ च्या खरिपात अनेक जिल्ह्यांत असेच घडले. निकषात न बसणाऱ्या शेतकऱ्यांना विशेष बाब म्हणून मदत द्यावी लागली आणि त्यानंतर ५ एप्रिल २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. मंडळात सलग पाच दिवस, प्रत्येक दिवशी किमान १० मिलिमीटर पाऊस झाला पाहिजे. तो त्या काळातील मागील दहा वर्षांच्या सरासरीहून निम्म्याने अधिक असला पाहिजे. शिवाय पिकांचा हिरवेपणा उपग्रहाद्वारे मोजून नुकसानीची खातरजमा झाली पाहिजे, असे त्याचे निकष. म्हणजे वऱ्हाडातल्या आजीबाईला जी गोष्ट ‘झड लागली’ या दोन शब्दांत ठाऊक होती, ती मंत्रालयाला कळण्यास २०२३ साल उजाडावे लागले. निर्णय योग्यच होता आणि तो घेणाऱ्यांचे अभिनंदनही करावयास हवे. तथापि ‘झड’ या जुन्या, एकाक्षरी म्हणावा इतक्या आटोपशीर शब्दाऐवजी ‘सततचा पाऊस’ असा शब्दप्रयोग कागदावर आला, यातच आपल्या राज्यकारभाराच्या भाषेचा स्वभाव दिसतो. ज्याला नाव होते त्याचे वर्णन करण्यात आले.

भाषेचे सोडून दिले तरी निकषाची अडचण उरतेच. पाच दिवसांतील एका दिवशी नऊ मिलिमीटर पाऊस झाला तर साखळी तुटते. शेतकऱ्याच्या लेखी झड तुटलेली नसते, कारण त्या दिवशीही ऊन पडलेले नसते आणि जमीन वाफशावर आलेली नसते. येथे ‘वाफसा’ या शब्दापाशी थांबणे भाग आहे. शेतीविषयीच्या मराठी शब्दांत याच्याइतका नेमका शब्द क्वचितच सापडेल. जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, पण हाताला लागत नाही. अवजार घातले तर चालते आणि बी टाकले तर उगवते, अशी जी अवस्था ती वाफसा. काही भागांत त्यालाच ‘वापसा’ म्हणतात, तर काही ठिकाणी ‘घात’ म्हणतात. शहरातल्या माणसाला घात म्हटले की विश्वासघात आठवतो. शेतकऱ्याला ‘घात आली’ हे शब्द तिफण बाहेर काढण्याचा सांगावा वाटतात. पावसाच्या मापनयंत्राला हे कळत नाही, कारण ते आभाळातून काय पडले ते मोजते. वाफसा ही जमिनीने त्या पाण्याचे काय केले याची नोंद आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीवर ६५ मिलिमीटर पाऊस सकाळी पडला तर दुपारी त्याचा मागमूस राहत नाही. अंबोली किंवा महाबळेश्वर येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, माण आणि जत येथे पाचशेच्या आसपास. या सर्व ठिकाणी अतिवृष्टीचे माप मात्र एकच.

राज्यातील कृषी विद्यापीठांची हवामान सल्ला पत्रके या बाबतीत महसूल खात्याच्या पुढे आहेत. ‘वापसा येताच आंतरमशागत करावी’ असे त्यांत स्वच्छ मराठीत लिहिलेले असते. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी ही पत्रके जिल्ह्यापर्यंत पोचविण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत जी हवामान केंद्रे उघडण्यात आली होती, त्यांपैकी देशभरातील १९९ केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, केंद्र सरकारने दोन हजार कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली. रडार, उपग्रह, संगणक यांवर खर्च झाला पाहिजे यात दुमत नाही. पण गावच्या भाषेत बोलणारा माणूस कमी करून दिल्लीतला संगणक मोठा करण्याची ही रीत चमत्कारिक खरी.

हवामान खात्याच्या भाषेकडे वळले की दुसरेच दृश्य दिसते. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून शिमल्याला, तेथून १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्यातल्या त्या इमारतीला आणि चौकाला लोक अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. सोळा वर्षे मुख्यालय महाराष्ट्रात असूनही खात्याच्या भाषेवर मराठीची फारशी छाया पडलेली दिसत नाही. त्या काळी ती पडणे शक्यही नव्हते. खाते इंग्रजांचे होते आणि त्याचे ग्राहक होते जहाजे, रेल्वे आणि पुढे विमाने. त्याची प्रत्येक व्याख्या आजही त्या ग्राहकाची आठवण देते. धुके म्हणजे काय? एक किलोमीटरपलीकडचे दिसत नाही अशी स्थिती. ही व्याख्या वैमानिकाची आणि मोटारचालकाची आहे. मराठवाड्यात ज्याला ‘धुई’ आणि विदर्भात ‘धुवारी’ म्हणतात ती वेगळ्या नजरेने ओळखली जाते. तुरीला फुलोरा आला असताना धुवारी पडली की फुले गळतात, कांद्यावर आणि हरभऱ्यावर रोग येतो. समोरचे झाड दिसले की नाही हा तिथे प्रश्नच नसतो. सकाळी पान किती वेळ ओले राहिले हा असतो. धुवारीचा उल्लेख आपत्तींच्या कोणत्याही यादीत नाही.

पावसाच्या अंदाजाचे शब्दही असेच कारकुनी भाषांतरातून आलेले आहेत. २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. हे शास्त्राला धरून आहे. गोंधळ होतो तो ठिकाणांच्या शब्दांमुळे. ‘तुरळक ठिकाणी’ याचा खात्याला अभिप्रेत अर्थ असा की त्या विभागातील पावसाच्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस होईल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत. वाचणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते. मराठीत तुरळक म्हणजे विरळ, किरकोळ, दुर्लक्ष करण्याजोगे. ‘तुरळक ठिकाणी अति जोरदार पाऊस’ हे वाक्य ऐकून ज्याच्या कानात ‘तुरळक’ हा शब्द राहतो तो निर्धास्त होतो. वस्तुतः त्याच्या तालुक्यावर दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळण्याची शक्यता त्याच वाक्यात सांगितलेली असते. इशाऱ्याचे वाक्य ऐकणाऱ्याला झोप आणत असेल तर अंदाज कितीही अचूक असून उपयोग काय?

यावर तोडगा म्हणून रंग आले. पिवळा, नारिंगी, लाल. अर्थात वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर ते ‘यलो’, ‘ऑरेंज’ आणि ‘रेड अलर्ट’ होऊनच आले. रंगांचा फायदा नाकारता येत नाही. मुंबईत लाल रंग दिसला की शाळा बंद होतात, लोक लवकर घरी निघतात. पण रंग केवळ धोक्याची पायरी सांगतो, धोक्याचे स्वरूप सांगत नाही. उधाणाची भरती आणि पाऊस एकाच वेळी आले तर मुंबई तुंबते, भांगाच्या भरतीला तितके भय नसते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळ्याला ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग, दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई ही त्याची रोजची भाषा आहे. खात्याच्या इशाऱ्यात समुद्र ‘खवळलेला’ असतो आणि त्याचा अर्थ अडीच ते चार मीटर उंचीच्या लाटा असा असतो. कोळ्याच्या लेखी मात्र जूनचा समुद्र खवळलेलाच असतो, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंदच असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा इशारे वेळेवर मिळाले होते आणि प्राणहानी त्यामुळेच मर्यादित राहिली. श्रीवर्धन, मुरुड, दापोली येथे नारळी-पोफळीच्या बागा मात्र आडव्या झाल्या. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांकडे ‘वावधान’ हा वादळी वाऱ्यासाठीचा शब्द होता. त्यांच्या नातवंडांना निसर्ग आणि तौक्ते ही नावे ठाऊक आहेत.

उन्हाच्या शब्दांचीही हीच गत आहे. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाच्या ‘झळा’ लागतात, अंगाची ‘काहिली’ होते, लू मारते. मुंबई-कोकणात ‘उकाडा’ असतो, ‘गदमदते’. पहिले कोरड्या उन्हाचे शब्द आहेत, दुसरे दमट हवेचे, आणि दोन्हींत माणूस मरू शकतो. उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात ४० अंशांची आणि किनाऱ्यावर ३७ अंशांची अट असते, शिवाय सरासरीहून साडेचार अंशांची वाढ लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात सरकारी सोहळ्यास जमलेल्यांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. ‘उष्ण व दमट’ अशी पुस्तकी जोडी वापरण्याऐवजी ‘भर दुपारी उघड्यावर थांबू नका, गदमदणार आहे’ असे सांगितले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकणार नाही. पण दुसरे वाक्य ऐकणाऱ्याच्या अंगाला घाम आणते, पहिले नाही.

या सर्वांवरून कोणी असा निष्कर्ष काढील की हवामान खाते गुंडाळावे आणि जुन्या जाणत्यांना विचारून पेरणी करावी. तसे करणे आत्मघाताचे ठरेल. लोकभाषेतील हवामानात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या सोडविल्याखेरीज पुढे जाता येत नाही. एक आहे निरीक्षणाची भाषा : झड, वाफसा, धुवारी, ओढ, उघाड. दुसरी आहे भाकिताची. सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे, त्या नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की उंदीर, यावरून पंचांगे पाऊस सांगतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे ती पहिल्या पानावर छापतात. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस आणि पुष्याचा ‘म्हातारा’, मघा-पूर्वांचे पाऊस सासू-सुनांचे, हस्ताचा पाऊस हत्तीचा, ही नावे गोड आहेत आणि त्यांत शेतीच्या वेळापत्रकाची शहाणीव आहे. चित्रातल्या पावसाने भात कुत्र्याच्या लायकीचाही राहत नाही, आणि उत्तरा कोरडी गेली तर पितरांनाही भात मिळत नाही, या समजुतींचा आधार म्हणजे पिकाला कोणत्या टप्प्यावर पाणी हवे आणि कोणत्या टप्प्यावर नको, याचा पिढ्यांचा अनुभव. परंतु त्या वर्षी चित्रात पाऊस पडेल की नाही हे वाहन सांगू शकत नाही. शिवाय नक्षत्रांच्या तारखा इंग्रजी दिनदर्शिकेत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, पाऊस काही त्यांच्या मागोमाग सरकत नाही.

पाऊस अलीकडे कोणाच्याच वेळापत्रकाप्रमाणे वागत नाही, हेही खरे. खात्याने २०२० मध्ये मुंबईच्या मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख १० वरून ११ जून केली. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला आणि त्याच दिवशी दिल्लीतही पोचला. २०२५ मध्ये २६ मे रोजीच आला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. तेव्हा गावोगाव जो संभ्रम झाला तो शब्दाचा होता. सूर्य नुकताच रोहिणीत शिरलेला, म्हणून शेतकरी त्याला वळीव म्हणत होता. खाते त्याला मान्सून म्हणत होते. वळीव म्हटला तर पेरायचे नसते, मान्सून म्हटला तर पेरायचे असते. कृषी खात्याने घाई करू नका असा सल्ला दिला, आणि पुढे मोसमी वारे जूनच्या मध्यापर्यंत अडून बसल्यामुळे तो योग्यही ठरला. पण मे महिनाभर पडलेल्या पावसाने नांगरटीला, वखरणीला वाफसाच मिळू दिला नाही. ज्या पावसाच्या आगमनाचे चित्र शहरांत आनंदाने रंगविले गेले तो शेतीच्या हिशेबात त्या वेळी नको असलेला पाऊस होता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये उलट प्रकार झाला. देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पीकविम्यात २१ दिवसांच्या खंडाचा निकष होता आणि तो पूर्ण झाल्यास आगाऊ भरपाई मिळणार होती. शास्त्रीय व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो पावसाचा दिवस. शेतकऱ्याच्या भाषेत ती भुरभुर. तिने धुरळासुद्धा बसत नाही. पण सतराव्या दिवशी मंडळाच्या यंत्रात अशी भुरभुर नोंदली गेली तर खंड पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजण्याची पाळी येते, आणि ती भुरभुर मंडळातल्या वीसपंचवीस गावांपैकी यंत्र असलेल्या एकाच गावात पडलेली असू शकते. सरकारने त्या वर्षी चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि नंतर शेकडो महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती. ‘सदृश’ हा प्रत्यय मराठी प्रशासनाने अलीकडच्या काळात केलेली सर्वांत मोठी भाषिक निर्मिती म्हणावी लागेल. वृत्तपत्रांनीही तो उचलला आणि तासाला शंभर मिलिमीटर ही ढगफुटीची अट पुरी न करणाऱ्या प्रत्येक मोठ्या सरीला ‘ढगफुटीसदृश’ म्हणण्याची सवय लावून घेतली. २०२५ च्या खरिपापासून राज्याने विमा योजनेतील मध्यावधी प्रतिकूलतेचे निकषच काढून टाकले आणि भरपाई पीककापणी प्रयोगांवर सोपविली. त्यामुळे खंडाचा वाद मिटला. कोरडे गेलेले दिवस मात्र कोणाच्याच हिशेबात राहिले नाहीत.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. सार्वजनिक पैसा वाटायचा तर मोजता येणारे माप हवे. ‘झड लागली’ एवढ्यावर पैसे दिले तर प्रत्येक गावात झड लागेल, असे तहसीलदार म्हणत असेल तर त्याचे चुकत नाही. शब्द मिलिमीटरची जागा घेऊ शकत नाही. पण काय मोजायचे हे शब्द सांगू शकतो. सततच्या पावसाचा निकष झडीपासून निघाला तसा आणखी काही निकष वाफशापासून निघू शकतो. जमिनीतील ओल मोजणारी साधने आज उपलब्ध आहेत, उपग्रहावरूनही तिचा अंदाज घेता येतो. एखाद्या मंडळातील काळ्या जमिनीला खरिपाच्या अमुक अवस्थेत सलग किती दिवस वाफसा मिळाला नाही, ही संख्या काढणे अवघड नाही, आणि पिकाच्या नुकसानीशी तिचा संबंध पावसाच्या आकड्यापेक्षा जवळचा असेल.

शासनाच्या भाषेला शेतकऱ्याचा शब्द अस्पृश्य आहे असेही नाही. पुराने शेताचा सुपीक थर वाहून गेला तर शासन निर्णयात ‘जमीन खरडून जाणे’ असे लिहितात, आणि २०२५ च्या मदतीत अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची तरतूद होती. ‘खरडून जाणे’ हे कोणत्या परिभाषा समितीने घडविलेले नाही. ते बांधावरून मंत्रालयात गेले. ते गेले म्हणून एका नुकसानीला स्वतंत्र रकाना मिळाला.

शब्द शोधण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत पुष्कळ सामग्री छापून पडली आहे. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींचे सर्वेक्षण केले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने अलीकडे गावोगाव जाऊन बोलींची ध्वनिमुद्रणे केली आणि ती सर्वांना खुली केली आहेत. या कामाची दखल भाषेचे अभ्यासक घेतात. मदत व पुनर्वसन खात्याच्या टेबलावर ते गेल्याचे ऐकिवात नाही. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रामपंचायत पातळीवरील हवामान अंदाजाची सेवा सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी नवी प्रणाली आली. अंदाज गावापर्यंत पोचला आहे, तेव्हा तो गावाच्या भाषेत असण्यास आता तांत्रिक अडचण कोणतीच नाही. मेळघाटातल्या आणि मालवणातल्या ग्रामपंचायतीला एकाच साच्यातले ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा’ हे वाक्य पाठवायचे असेल तर चौकट सहा किलोमीटरची काय आणि साठ किलोमीटरची काय.

पंचनामा ग्राममहसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी मिळून करतात. त्यात पिकाचे नाव, क्षेत्र, नुकसान तेहतीस टक्क्यांहून अधिक आहे की नाही आणि ते कोणत्या आपत्तीने झाले, हे लिहायचे असते. शेवटच्या रकान्यात यादीतलाच शब्द चालतो. धुवारीने गळालेल्या तुरीच्या शेतात उभे राहून ते काय लिहिणार? तालुक्याला जाणाऱ्या तक्त्यात त्या गावासमोर ‘निरंक’ असते.